चेहरा धुणारा ब्रश: एवढ्याशा यंत्राला किती आवरायचं?

चेहऱ्याच्या त्वचेचा सर्वांत वरचा थर जेमतेम ०.०१ ते ०.०२ मिलिमीटर जाडीचा असतो. चपट्या, मृत पेशींचे पंधरा-वीस पदर आणि त्यांच्या फटींमध्ये भरलेली चरबी, एवढाच त्याचा ऐवज. पण शरीरातलं पाणी बाहेर निसटू न देणं आणि बाहेरचे जंतू व रसायनं आत येऊ न देणं, ही दोन्ही कामं मुख्यतः हाच थर करतो. खालून नव्या पेशी तयार होतात, वर सरकतात आणि साधारण महिना-दीड महिन्यात कुणाच्या लक्षातही न येता गळून पडतात. म्हणजे त्वचा स्वतःला साफ करतच असते. बॅटरीवर चालणारा चेहऱ्याचा ब्रश डिझाइन करायला बसताना ही गोष्ट आधी मनावर कोरून घ्यावी लागते, कारण आपलं यंत्र तिच्या चालू कामात मदतनीस म्हणून येणार असतं. जोर लावणं कोणत्याही मोटारीला जमतं. तिला कुठे आणि कसं आवरायचं, यातच या वस्तूचं सगळं डिझाइन आहे.

काढायचं काय असतं? त्वचेतून पाझरणारं तेल, दिवसभराची धूळ, सनस्क्रीन, मेकअप आणि सुटत आलेल्या पेशी. यातलं बरंचसं काम बोटं आणि साधा फेसवॉश मिळून करतात. अडतं ते नाकपुडीच्या कडेला, हनुवटीच्या खळगीत आणि रंध्रांच्या तोंडाशी. बोटाचं टोक रुंद आणि मऊ असल्यामुळे ते अशा जागांवरून नुसतं सरकत जातं. ब्रशचा एक केस, म्हणजे ब्रिसल, ०.१ मिलिमीटर किंवा त्याहूनही बारीक असू शकतो. तो रंध्राच्या तोंडाशी साचलेला तेल-मातीचा थर हलवू शकतो. रंध्राच्या आत शिरून तळ मात्र तो साफ करत नाही. जाहिरातींमधल्या ‘खोलवर स्वच्छते’चा अर्थ यापलीकडे लावू नये.

या ब्रशची कल्पना दातांच्या ब्रशकडून आली. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात डेव्हिड जुलियानी आणि सहकाऱ्यांनी सॉनिकेअर हा वेगाने थरथरणारा दातांचा ब्रश बाजारात आणला होता. त्यांची कंपनी २००० साली फिलिप्सने घेतल्यावर त्यांच्यापैकी काही जणांनी तसाच विचार त्वचेसाठी सुरू केला आणि २००४ मध्ये क्लॅरिसॉनिक आला. २०११ मध्ये लॉरेआलने तो विकत घेतला आणि २०२० मध्ये बंद केला. मधल्या काळात, २०१३ पासून, स्वीडनच्या फोरिओने ब्रिसलऐवजी सिलिकॉनच्या मऊ उंचवट्यांचं उपकरण आणलं. आज बाजारात दिसणारे बहुतेक ब्रश याच वाटांवरचे आहेत.

पहिला मोठा निर्णय असतो हालचालीचा. ब्रशचं डोकं गोल फिरवायचं, नुसतं थरथरवायचं, की थोडंसं इकडे-तिकडे डोलवायचं?

गोल फिरवणं सर्वांत सोपं आणि स्वस्त. छोटी डीसी मोटार, पुढे वेग कमी करणारे प्लॅस्टिकचे गिअर, झालं. पण फिरणारा ब्रश त्वचेला सतत एकाच दिशेने ओढतो. मिनिटाला ३०० फेऱ्या आणि डोक्याची त्रिज्या २ सेंटिमीटर धरली, तर कडेचे ब्रिसल सेकंदाला साधारण ०.६ मीटर वेगाने गालावरून सरकत राहतात. त्यात केसांची बट गुंडाळली जाते, फेस उडतो, आणि जास्त दाबलं तरी गिअरच्या जोरावर मोटार ओढणं सोडत नाही. ही शेवटची गोष्ट मला सर्वांत खटकते. जिथे थांबायला हवं, नेमकं तिथेच हे यंत्र हट्ट धरतं.

थरथरणाऱ्या उपकरणात मोटारीच्या शाफ्टवर एका बाजूला जड असलेला तुकडा बसवतात. तो फिरला की सगळी बॉडी कापते. मोबाइलमध्ये हीच युक्ती वर्षानुवर्षं वापरली गेली. यात बाहेर येणारा हलता भाग नसल्यामुळे पाणी आत शिरायला वाट राहत नाही, ही त्याची खरी जमेची बाजू. पण कंपन त्वचेइतकंच हातालाही मिळतं, आणि सिलिकॉनचे जाड उंचवटे ब्रिसलइतके बारीक कोपऱ्यात पोहोचत नाहीत. नाजूक त्वचेसाठी ते कमी पोहोचणंच बरं पडतं, हेही खरं.

तिसरा प्रकार डोलणारा, आणि इंजिनिअरच्या दृष्टीने सर्वांत देखणा. असा ब्रश जवळून पाहिला तर डोक्यावर ब्रिसलची दोन वर्तुळं दिसतात. आतलं वर्तुळ काही अंश डावीकडे, काही अंश उजवीकडे असं हलतं. बाहेरचं कडं स्थिर असतं. स्थिर कडं त्वचेला धरून ठेवतं, आतलं वर्तुळ तिला अलगद ढकलतं, त्यामुळे दोन्हींच्या मधल्या अरुंद पट्ट्यात त्वचा ताणली जाते आणि लगेच सैल पडते. त्वचा लवचीक असल्यामुळे काही प्रमाणात ती ब्रिसलबरोबरच हलते, म्हणजे तेवढी घासली जात नाही. रंध्राच्या तोंडाशी घट्ट बसलेला मळ मात्र तिच्याइतका लवचीक नसतो, म्हणून तो सुटतो.

आकडे मांडून पाहू. मध्यापासून १२ मिलिमीटरवरचा ब्रिसल दोन्ही बाजूंना ६ अंश हलतो असं धरलं, तर तो मूळ जागेपासून साधारण सव्वा मिलिमीटरच दूर जातो. पण हे सेकंदाला १५० वेळा होत असेल, तर मधून जाताना त्याचा वेग सेकंदाला सुमारे १.२ मीटर होतो. फिरणाऱ्या ब्रशच्या दुप्पट. तरीही त्वचेचा कोणताही बिंदू फारसा लांब ओढला जात नाही, कारण पुढच्याच क्षणी हालचाल उलटते. वेग भरपूर आणि अंतर चिमूटभर, असं हे गणित आहे.

साध्या मोटारीला सेकंदाला १५० वेळा दिशा बदलायला लावलं तर तिची सगळी ताकद स्वतःलाच थांबवण्यात आणि पुन्हा पळवण्यात जाईल, आणि बॅटरी बघता बघता संपेल. म्हणून इथे अनुनादाची मदत घेतात. डोकं बसवलेला शाफ्ट पोलादी स्प्रिंगच्या पट्ट्यांवर तोललेला असतो, त्याच्या टोकाला चुंबक आणि समोर तारेची कॉइल. स्प्रिंगचा ताठपणा आणि हलणाऱ्या भागाचं जडत्व यांच्यावरून त्या जोडीची एक स्वतःची लय ठरते. झोपाळ्याला त्याच्या लयीत बोटाने ढकललं तरी तो उंच जातो, तसंच कॉइलने त्याच लयीत छोटे धक्के दिले की डोकं अगदी थोड्या ऊर्जेत जोमदार हलू लागतं.

या रचनेचा आणखी एक गुण मला मोलाचा वाटतो. वापरणाऱ्याने ब्रश गालावर जोरात दाबला, की त्वचेचा विरोध वाढतो, लय बिघडते आणि हालचाल आपोआप आखडते. वेगळा सेन्सर नसतानाही यंत्र माघार घेतं. हवं तर कॉइलमधल्या विजेतला फरक ओळखून दिवा लावता येतो किंवा ब्रश बंद करता येतो, पण पहिला लगाम यंत्राच्या रचनेतच आहे. तोटा एवढाच, की डोकं बदलल्यावर जडत्व बदललं तर लयही बदलते. वेगवेगळ्या त्वचेसाठी वेगवेगळी डोकी द्यायची असतील तर त्यांचं वजन आणि वजनाची वाटणी एकसारखी ठेवावी लागते. भलतंच डोकं बसवल्यावर एखादा ब्रश मलूल चालतो, त्याचं कारण बरेचदा हेच असतं.

आता ब्रिसलकडे. बहुतेकांना वाटतं की मऊपणा म्हणजे कशापासून बनवलं याचा प्रश्न. प्रत्यक्षात मापं जास्त बोलतात. ब्रिसल वाकवायला लागणारा जोर त्याच्या जाडीच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. जाडी निम्मी केली की ताठपणा सोळाव्या हिश्शावर येतो. ०.१ मिलिमीटरचा ब्रिसल ०.०८ केला, म्हणजे डोळ्यांना फरकही कळणार नाही इतका बारीक केला, तरी ताठपणा ४१ टक्क्यांवर घसरतो. लांबीचा परिणाम तिसऱ्या घाताने होतो. ८ मिलिमीटरचा ब्रिसल १० मिलिमीटरचा केला तर तो जवळपास निम्माच ताठ राहतो. त्यामुळे ब्रिसल कापताना लांबीत झालेली छोटीशी गफलतही गालाला कळते. शिवाय एका भोकात किती ब्रिसल कोंबलेत यावरही सगळं फिरतं. दाट जुडग्यात ते एकमेकांना आधार देतात आणि एकेकटा मऊ असलेला ब्रिसल जुडग्यात टोचू लागतो.

टोकांची गोष्ट तर त्याहून नाजूक. नायलॉनची तार कापली की तिच्या टोकाला धारदार कड राहते. सूक्ष्मदर्शकाखाली ती कापलेल्या पाइपसारखी सपाट दिसते. ही टोकं घासून गोल करण्याचा वेगळा टप्पा कारखान्यात असतो, आणि खर्च वाचवायचा झाला तर आधी तोच वगळला जातो. वरून दोन ब्रश सारखे दिसतात, पण गोल टोकांचा ब्रश सरकतो आणि दुसरा ओरखडतो. या एका टप्प्यावर तडजोड करू नये, असं माझं ठाम मत आहे. एखाद्या ब्रशला रंग, आवाज, डबी यांत काटकसर चालेल, इथे नाही.

सामग्रीत नायलॉन ६ पाणी बरंच शोषतं आणि ओलं झालं की मऊ पडतं. नायलॉन ६१२ त्या मानाने कमी शोषतं, आणि पीबीटी हे दुसरं प्लॅस्टिक जवळजवळ शोषतच नाही. ब्रश नेहमी ओलाच वापरला जाणार असल्यामुळे कोरड्या ब्रिसलवर घेतलेल्या चाचणीला फार अर्थ नसतो. ब्रिसल भोकात धरून ठेवायला धातूची बारीक पट्टी ठोकतात, तिथे पाणी साचून गंज येऊ शकतो. ब्रिसल उष्णतेने वितळवून प्लॅस्टिकमध्येच जोडले तर ही फट उरत नाही.

पाण्याचा विषय निघालाच आहे, तर इथे जरा थांबू, कारण या उपकरणाचे बहुतेक मृत्यू इथेच होतात.

खोक्यावर ‘आयपीएक्स-७’ लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ, वस्तू १ मीटर खोल पाण्यात ३० मिनिटं ठेवली तरी नुकसान होईल इतकं पाणी आत गेलं नाही. पण ही चाचणी साध्या, स्थिर पाण्यात होते. न्हाणीघरातलं पाणी तसं नसतं. पहिला फरक साबणाचा. साध्या पाण्याचा पृष्ठताण, म्हणजे थेंबाला बांधून ठेवणारा पृष्ठभागाचा ताण, मीटरला सुमारे ७२ मिलिन्यूटन, फेसवॉश मिसळला की तो तीसच्या आसपास उतरतो. ज्या बारीक फटीच्या तोंडाशी साधं पाणी थेंब होऊन अडून राहतं, तिथून साबणाचं पाणी आत झिरपतं. दुसरा फरक तापमानाचा. ४० अंशांच्या गरम शॉवरखाली ब्रशच्या आतली हवा तापते. नंतर तोच ब्रश २० अंशांच्या गार नळाखाली धरला की बंद बॉडीतली हवा थंड होते आणि दाब सुमारे सहा टक्क्यांनी पडतो. तो फरक ६५ सेंटिमीटर खोल पाण्याच्या दाबाइतका भरतो. म्हणजे ब्रश कुणी बुडवलेला नसला तरी तो स्वतःच पाणी आत ओढायला लागतो, आणि हे रोज घडतं. म्हणून बऱ्याच वॉटरप्रूफ उपकरणांच्या बॉडीत टेफ्लॉनच्या अतिसूक्ष्म छिद्रांचा एक पडदा बसवतात. त्यातून हवा जाते-येते, पाणी नाही. आतला-बाहेरचा दाब सारखा राहिला की रबरी सीलवरचा ताण जातो.

सर्वांत कठीण जागा म्हणजे जिथून हलणारा शाफ्ट बाहेर पडतो. गोल फिरणाऱ्या ब्रशमध्ये तिथे रबराची रिंग शाफ्टवर घासत राहते. झिजली की संपलं. डोलणाऱ्या ब्रशमध्ये शाफ्ट फक्त काही अंश हलत असल्याने रबराचा एक पातळ बूट शाफ्टलाही चिकटवता येतो आणि बॉडीलाही. रबर पिळतं, पण कुठेच घासत नाही, आणि पाण्याला वाटच उरत नाही. हालचालीचा निर्णय आणि पाण्याचा निर्णय असे एकमेकांत गुंतलेले आहेत. ते वेगवेगळ्या टेबलांवर घेतले की उत्पादन फसतं.

चार्जिंगचंही तसंच. बॉडीला यूएसबीचं भोक ठेवलं की रबरी झाकण आलं, आणि झाकण नीट न लावलेला ब्रश पाण्याखाली जाणार हे धरूनच चालावं. बाहेर उघडे पिन ठेवले आणि त्यांच्यावर बॅटरीचा व्होल्टेज येत राहिला, तर ओल्या पिनांमधून वीज वाहून ते काळे पडतात, झिजतात. आतून तो व्होल्टेज अडवणारा घटक टाकला की हा त्रास टळतो. तिसरा मार्ग म्हणजे स्टँडमध्ये एक कॉइल, ब्रशच्या बुडाशी दुसरी, आणि मध्ये अखंड प्लॅस्टिक. यात थोडी ऊर्जा उष्णतेत वाया जाते, पण या ब्रशला ऊर्जाच इतकी कमी लागते की मी तोच मार्ग निवडेन.

किती कमी? मोटारीला १ वॅट लागतो आणि दिवसातून दोनदा एकेक मिनिट वापर आहे, असं धरू. ५०० मिलिअँपिअर-तासाच्या छोट्या लिथियम सेलमध्ये १.८५ वॅट-तास असतात. रोजचा खर्च ०.०३३ वॅट-तास. कागदावर ५५ दिवस, नुकसान धरून सव्वा महिना तरी. म्हणून मोठी बॅटरी टाकून ब्रश जड करण्यात काही हशील नाही. उलट बंद असताना सर्किट किती वीज पितं ते पाहावं. २० मायक्रोअँपिअर किरकोळ वाटतात, पण वर्षभरात ते १७५ मिलिअँपिअर-तास होतात, म्हणजे या सेलचा तिसरा हिस्सा.

बदलता येणारे अल्कलाइन सेल वापरले तर वेगळी अडचण. नवा सेल १.५ व्होल्टचा, संपत आलेला ०.९ चा. व्होल्टेज सरळ मोटारीला दिला तर ब्रश हळूहळू मंदावतो, वापरणाऱ्याला ते कळत नाही, आणि नकळत तो जास्त दाबू लागतो. सर्किटने व्होल्टेज स्थिर ठेवून, सेल संपला की ब्रश सरळ बंद करणं त्वचेसाठी बरं.

टायमर हा माझ्या मते या ब्रशमधला सर्वांत उपयोगी भाग. क्लॅरिसॉनिकने कपाळाला २० सेकंद, नाक-हनुवटीला २०, आणि दोन्ही गालांना १०-१० सेकंद अशी वाटणी केली होती. जागा बदलायची वेळ झाली की ब्रश क्षणभर अडखळतो आणि मिनिट संपलं की स्वतः बंद होतो. स्वच्छ वाटतंय म्हणून माणूस घासतच राहतो, हा स्वभाव आहे. वरचा थर गरजेपेक्षा जास्त निघाला की पाणी उडून जायला लागतं, त्वचा ताणल्यासारखी वाटते, साधं क्रीमही चुरचुरतं. तेव्हा ब्रश काही दिवस बाजूला ठेवायचा. एक्झिमा, रोझेशिया (चेहरा लाल पडण्याचा विकार), सुजलेल्या पुटकुळ्या, उन्हाने भाजलेली त्वचा किंवा रेटिनॉइड या अ-जीवनसत्त्वाच्या गटातल्या औषधांचे उपचार चालू असतील तर आधी त्वचारोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय तो लावूच नये. माहितीपत्रकात हे ठळक छापणंही डिझाइनचाच भाग आहे.

बटण ओल्या, साबण लागलेल्या बोटाला न बघता सापडलं पाहिजे, आणि प्रवासाच्या बॅगेत चुकून दाबलं जाऊ नये. मुठीची जागा खरखरीत रबराची असावी. बॉडीच्या प्लॅस्टिकची निवड करताना क्रीम आणि तेलं विसरू नयेत. एबीएससारख्या प्लॅस्टिकवर ताण असलेल्या जागी तेल लागत राहिलं की काही महिन्यांनी तडे जातात, आणि असे ताण नेमके स्क्रूच्या भोवती असतात.

टिकाऊपणाचा हिशेब पोटात गोळा आणणारा आहे. रोज दोन मिनिटं म्हणजे वर्षाला ४३,८०० सेकंद. सेकंदाला १५० वेळा म्हटल्यावर स्प्रिंग वर्षाला ६५ लाखांहून अधिक वेळा वाकते, तीन वर्षांत जवळपास दोन कोटी वेळा. पोलादावरचा ताण एका मर्यादेखाली ठेवला तर ते इतक्या वेळा वाकूनही तुटत नाही, मर्यादा ओलांडली तर काही लाखांतच थकतं. त्यामुळे स्प्रिंगची कड गुळगुळीत ठेवणं, तिच्यावर एकही ओरखडा न राहू देणं याला महत्त्व येतं, कारण तडा ओरखड्यापासूनच सुरू होतो.

डोकं मात्र टिकाऊ नसतं आणि नसावं. ब्रिसल वाकतात, मुळाशी साबण आणि पेशी साचतात, ओल राहिली की जीवाणू वाढतात. साधारण तीन महिन्यांनी ते बदलावं लागतं. म्हणून ते एका हाताने निघालं पाहिजे, त्याच्या मागच्या बाजूला पाणी साचणारी खोबण नको, आणि टोपण दिलंच तर त्याला हवेसाठी भोकं हवीत. घरात ब्रश एकच असला तरी डोकं प्रत्येकाचं वेगळं.

आणि ब्रश शेवटी निकामी होतो तेव्हा? कायमचं चिकटवून बंद केलेल्या बॉडीत लिथियम सेल असतो आणि तो सगळा ऐवज कचऱ्यात जातो. तिथे तो चिरडला गेला तर पेट घेऊ शकतो. युरोपीय संघाच्या २०२३ च्या बॅटरी नियमानुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून छोट्या उपकरणांतली बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता आली पाहिजे. जी उपकरणं मुख्यतः पाण्याच्या माऱ्यात वापरायची आणि धुता येण्याजोगी बनवलेली आहेत, त्यांना सवलत मिळू शकते, पण त्यांचीही बॅटरी निदान बाहेरच्या तंत्रज्ञाला काढून बदलता यायला हवी. हे जमण्यासारखं आहे. चिकटवण्याऐवजी बुडाशी स्क्रूचं झाकण, त्याखाली बदलता येणारी ओ-रिंग, म्हणजे पाणी अडवणारी रबराची गोल कडी, आणि सेलच्या तारा सोल्डर न करता छोट्या कनेक्टरने जोडलेल्या. स्क्रूची भोकं ओ-रिंगच्या बाहेरच्या बाजूला ठेवली की त्यांच्यातून पाणी आत जाण्याचा प्रश्न येत नाही.